रविवारचं टपाल

शनिवार-रविवार सायकलींसाठी म्हणून शहरात एकही मोटारगाडी धावणार नव्हती, आणि टपालवालीची धाकटी बहीण ही बातमी अशा थाटात सांगत होती, की जणू त्या सगळ्या गाड्या हिनेच कान धरून शहराबाहेर काढल्या होत्या. मोठा पूल मोकळा, बोगदा मोकळा, बाजारपेठ मोकळी, जिकडे वाटेल तिकडे सायकल हाका. टपालवालीची पोरगी चिंगी तोंडातला घास चावायचा विसरून ऐकत होती. घरी आईनं एवढं बोलायला घेतलं असतं तर कार्टीनं मान वर न करता नुसतं "हूं" केलं असतं. मावशीचं मात्र वाक्य संपायच्या आधीच हिचं हसू तयार.

टपालवालीनं चहाचा कप जरा जोरातच खाली ठेवला. कुणाचं लक्ष गेलं नाही.

सगळं गाव तिला टपालवालीच म्हणायचं. एकोणीस वर्षं ती सायकलवरून टपाल वाटत होती, रोजची साडेचारशे घरं, ऊन असो की चिखल. तिची धाकटी या मोठ्या शहरात चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायची आणि तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहायची. त्या दोन खोल्यांत इतका उजेड होता, की टपालवालीला त्या उजेडाचाही राग आला. नवरा नाही, पोरं नाहीत, सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत लोळलं तरी विचारणारं कुणी नाही. मावशी होणं किती सोपं असतं! वर्षातून चार दिवस उगवायचं, लाड करायचे आणि निघून जायचं. तापात उशाशी बसायला, वेण्या घालायला, पोरगी गणितात आपटली की शाळेत जाऊन मान खाली घालून उभं राहायला आई आहेच की.

हे झालं वरवरचं. खरा काटा दहा वर्षं जुना होता. चिंगी तेव्हा सात वर्षांची होती. मावशी चार दिवस राहायला आली आणि पहिल्याच संध्याकाळी जेवताजेवता म्हणाली, "ताई, अगं हिला नीट दिसत नाहीये." टपालवालीला तोवर वाटत होतं, पोर धांदरट आहे. दारावर आपटते, फळ्यावरचं चुकीचं उतरवून आणते, म्हणून तिनं पोरीला दोनदा धपाटेही घातले होते. पुसट पाट्या, पावसात भिजलेले पत्ते, डॉक्टरांचं अक्षरसुद्धा वाचणाऱ्या बाईला पोटच्या पोरीचे डोळे काही वाचता आले नव्हते. मावशीनं परत जाऊन आपल्या हातांनी भिंगं घासली, आणि चष्मा टपालानं पाठवला नाही, स्वतःच घेऊन आली. चिंगीनं तो लावला, अंगणात गेली आणि ओरडली, की झाडाची पानं सुटी सुटी असतात! मग धावत आत आली आणि मिठी मारली ती मावशीला. टपालवालीच्या मते ती मिठी अजून सुटलेली नव्हती.

आता चिंगी सतरा वर्षांची होती आणि तिला भिंगांचंच शिकायचं होतं. त्याची शाळा या शहरात, मावशीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. प्रवेश मिळाला तर तीन वर्षं मुक्काम मावशीकडे. अर्ज करून झाला होता, परीक्षा देऊन झाली होती, आणि उत्तर टपालानं येणार होतं.

उत्तर आलं होतं. दहा दिवसांपूर्वी.

सकाळी टपाल लावताना ते पाकीट टपालवालीच्याच हातात आलं. उघडायची गरजच नव्हती. नकार नेहमी पातळ असतो, एका कागदाचा. होकाराबरोबर फॉर्म येतात, नियम येतात, याद्या येतात, म्हणून तो जाड असतो. एकोणीस वर्षांत तिचा हा अंदाज एकदाही चुकला नव्हता. आणि हे पाकीट चांगलं जाडजूड होतं.

टपालाच्या बाबतीत तिचे नियम कडक. वाटेत कुणी हात पुढे केला तरी पत्र द्यायची नाही. "घरी पेटीत मिळेल," म्हणायची. स्वतःच्या घरचं टपालसुद्धा ती दाराबाहेरच्या पेटीत टाकायची आणि मग घरात शिरून चिंगीला सांगायची, की बघ पेटीत काही आहे का. त्या दिवशीही ती आपल्या दाराशी आली, पाय पायरीवर टेकवला, पेटीचं झाकण उचललं आणि परत खाली सोडलं. उद्या टाकू, म्हणाली. उद्याचा परवा झाला. चिंगी रोज संध्याकाळी विचारायची, आलं का गं? आणि ही सांगायची, टपाल आलं की मीच आणणार ना? दुसऱ्याचं पत्र उघडणं वाईट, हे तिला कळत होतं. ते दाबून ठेवणं त्याहून वाईट, हेही कळत होतं. फक्त तिकडे ती मन जाऊ देत नव्हती.

मग चिंगीनं हट्ट धरला, की निदान शाळा तरी बघून येऊ, गाड्या बंद आहेत, सायकलवर फिरू. नाही म्हणायला कारण सापडेना. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून दोघीच शुक्रवारी संध्याकाळच्या आगगाडीनं आल्या. पाकीट घरी ठेवायची सोय नव्हती. ते टपालवालीच्या पिशवीत, तळाच्या अस्तराखाली होतं.

खाली तीन सायकली उभ्या होत्या. धाकटीनं ताईसाठी शेजारणीची मागून आणली होती, पोपटी रंगाची, पुढे टोपली, सात गिअर. "हलकी आहे ताई, जमेल तुला," असं म्हणाली. जमेल! वीस किलोची थैली लादून चढ चढणाऱ्या बाईला ही भिंगवाली सांगतेय जमेल म्हणून! टपालवालीनं घंटी अशी वाजवली की कोपऱ्यावरचं कबुतर उडालं.

शहर खरंच मोकळं होतं. चार चार पदरी रस्त्यावर लोक मधोमध सायकली घेऊन चालले होते. एका आजोबांच्या टोपलीत कुत्रं बसलं होतं आणि ते कुत्रंच मालक असल्यासारखं इकडेतिकडे बघत होतं. सिग्नल उगीचच लाल-हिरवे होत होते. टपालवालीला मात्र मोकळं चालवता येईना. प्रत्येक दाराशी तिची बोटं आपोआप ब्रेकवर जायची आणि नजर पेटी शोधायची. तेवढ्यात पुढच्या दोघी शेजारी शेजारी लांब निघून जायच्या. घरी चिंगी नेहमी तिच्या मागून चालवायची, कारण रस्त्याला गाड्या असायच्या. आज तिघी सहज आडव्या एका ओळीत मावल्या असत्या. पण दोन पाठी पुढे आणि एक मागे, असंच चाललं होतं. मावशी काहीतरी बोलायची, चिंगी मान मागे टाकून हसायची, आणि काय बोलली ते मागे ऐकू यायचं नाही. ऐकू येत नाही म्हणून जास्तच झोंबायचं.

बोगद्यात शिरल्यावर दोघींनी लांडग्यासारखी आरोळी ठोकली. प्रतिध्वनी घुमत घुमत आला. चिंगी वळून म्हणाली, आई, तू पण ओरड ना. टपालवालीला ओरडायचं खूप होतं, पण जे ओरडावंसं वाटत होतं ते बोगद्यात ओरडण्यासारखं नव्हतं. तिनं नुसती घंटी वाजवली.

मोठ्या पुलाच्या चढावर मात्र तिनं हात दाखवला. गिअरला हातही न लावता ती दोघींना मागे टाकून वर पोहोचली आणि कठड्याला टेकून उभी राहिली, जणू तासभर इथंच आहे. धाकटी लालबुंद होऊन, धापा टाकत आली. टपालवालीला इतकं बरं वाटलं, की तिला स्वतःचीच लाज वाटली. पण बरं वाटायचं काही थांबलं नाही. मग चिंगीनं पाण्याची बाटली काढली आणि आधी मावशीपुढे धरली. झालं! सगळ्या चढावर पाणी.

दुपारी दैव टपालवालीच्या बाजूनं फिरलं. धाकटीनं आपल्या आवडत्या गल्ल्या दाखवते म्हणून दोघींना आत आत नेलं, आणि तेच कारंजं तिसऱ्यांदा समोर आल्यावर कबूल केलं, की ती चुकलीय. अकरा वर्षं या शहरात राहून चुकली! टपालवाली सायकलवरून उतरली. दोन दारं बघितली, पलीकडची दोन बघितली. मग तिनं शांतपणे सांगितलं, की सकाळपासून ती बघतेय, इथल्या घरांचे आकडे नदीकडून वाढत येतात. लहान आकड्यांकडे चालत राहिलं की नदी लागणार, आणि नदी लागली की घर. दारात उभ्या असलेल्या एका बाईनं मान डोलावली, अगदी बरोबर म्हणाली.

चिंगीनं त्या बाईला अभिमानानं सांगितलं, की ही माझी आई, टपालात आहे, ती कुठंच चुकत नाही. आणि सायकल आईच्या शेजारी आणली. पुढची दहा मिनिटं ती शेजारीच राहिली. प्रत्येक दाराचा आकडा मोठ्यानं वाचत, आता एकोणचाळीस, आता सदतीस. मागे एकटी मावशी. टपालवालीला वाटलं, हा रस्ता नदीपर्यंत न जाता असाच कुठंतरी लांब जावा.

पण आकड्यांचा रस्ता सरळ गेला तो शाळेवरून. तांबड्या विटांची इमारत, उंच खिडक्या, बंद फाटक. चिंगी उतरली आणि फाटकाच्या गजांना धरून आत बघत राहिली. खिडकीतून एक लांब बाक आणि त्यावर ओळीनं मांडलेली यंत्रं दिसत होती. मावशीनं सायकल भिंतीला टेकवली. काहीतरी सांगावं की नाही, अशा चेहऱ्यानं ती जरा वेळ घुटमळली आणि मग बोलली.

"मी परवा आत जाऊन विचारलं गं. पत्रं सगळी पंधरा दिवसांपूर्वीच गेलीत. सोमवारी दुपारपर्यंत जो पत्र घेऊन येणार नाही, त्याची जागा पुढच्याला जाईल. नाव विचारलं तर सांगत नाहीत, पत्र आणा म्हणतात." मग तिनं घाईघाईनं जोडलं, "टपालात हरवलं असेल. होतं असं कधीकधी."

चिंगी वळली. "आमच्याकडे नाही हरवत, मावशी. आईच्या हातून आजपर्यंत एकही पत्र हरवलं नाही. नाही आलं म्हणजे माझं झालं नाही."

तिनं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुसतच राहिली. मग तो लावून ती आईपाशी आली, आईच्या सायकलच्या दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, की उद्या संध्याकाळऐवजी सकाळचीच आगगाडी धरू या का, मला घरी जायचंय. मावशीचा चेहरा पडला.

दहा दिवस जे हवं होतं, ते असं आयतं पदरात पडलं. पोरगी घरी येणार होती, स्वतःहून, आणि मावशी हात चोळत उभी होती. टपालवालीनं आनंद होतोय का ते बघितलं. तो कुठंच सापडेना. "आईच्या हातून" हे दोन शब्द कानातून जाईनात. पोरीला दिसत नाही हे पूर्वी तिला कळलं नव्हतं. तेव्हा निदान तिनं मुद्दाम काही केलं नव्हतं. या वेळी पोरीच्या डोळ्यांवर हात तिनंच धरला होता. तिनं सायकल नदीकडे वळवली. नदीपर्यंत आणि तिथून घरापर्यंत तिघी एकामागे एक आल्या.

रविवारी साडेपाचला तिला रोजच्यासारखी जाग आली. चिंगी आणि मावशी आतल्या खोलीत झोपल्या होत्या. उजेड आताच खिडकीतून ओट्यावर आला होता. टपालवालीनं अस्तराखालून पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. पाठीमागे पोचल्याचा शिक्का होता, दहा दिवसांपूर्वीची तारीख, तिच्याच हातानं मारलेला, ठसठशीत. ती शिक्के नेहमी नीट मारायची.

एक खोटं कालपासून तयार होतं: घरी गेल्यावर पेटीत टाकायचं, शिक्क्यावर चहा सांडायचा, आजच आलं म्हणायचं. पण सोमवारची दुपार तोवर उलटून गेली असती. दुसरं म्हणजे पाकीट फाडायचं, फॉर्म तेवढे काढायचे आणि बहिणीच्या दाराखालून सरकवायचे. तेही जमेना. चोरी करायची तर करायची, त्यात आणखी फाडाफाड कशाला?

मग तिनं ते केलं, जे कुणी घर बदललं की ती करायची. माणूस राहायला दुसरीकडे गेलं, की त्याचं टपाल नव्या पत्त्यावर वळवायचं असतं. नावाला हात लावायचा नाही, नाव तेच राहतं. फक्त जुना पत्ता खोडायचा, खाली नवा लिहायचा, बाजूला आपली सही आणि तारीख. तिनं पेन घेतलं. आपल्या घराचा पत्ता, जो तिनं एकोणीस वर्षं पाकिटांवर वाचला होता, त्यावरून एक रेघ ओढली. खाली बहिणीचा पत्ता लिहिला, इमारतीचा आकडा, मजला, सगळं. इतका वेळ लागला की ती स्वतःवरच चिडली. रोज ती हे उभ्या उभ्या गुडघ्यावर पाकीट धरून करायची. सही केली. आजची तारीख घातली.

तीन मजले उतरून तिनं ते बहिणीच्या पेटीत टाकलं. झाकण खट्ट वाजलं. वर जायचा धीर होईना, म्हणून ती तिथंच सायकलींपाशी पायरीवर बसून राहिली.

आठ वाजता दोघी खाली आल्या. आगगाडी दहाची होती, आणि त्याआधी नदीपर्यंत एक चक्कर मारायला मावशीनं चिंगीला कसंबसं तयार केलं होतं. चिंगीचे डोळे सुजले होते. ती सायकलचं कुलूप काढायला वाकली आणि म्हणाली, की मावशी, तुझ्या पेटीत काहीतरी आहे. मावशीनं पेटी उघडली, पाकीट बघितलं आणि तिच्या हातात दिलं.

चिंगीनं पुढची बाजू वाचली. उलटलं, मागची वाचली. चष्मा नाकावर वर सरकवला आणि पुन्हा पुढची वाचली.

"आई," ती म्हणाली, "आज रविवार आहे."

"हो."

"रविवारी टपाल येत नाही."

"मीच टाकलं," टपालवाली म्हणाली. पायरीवरून उठायचं तिला सुचलंच नाही. "दहा दिवस माझ्याकडे होतं. तू हिच्याकडे राहायला येशील म्हणून दिलं नाही. तू हिच्याबरोबर हसतेस ना, ते मला बघवत नाही. जळते मी."

मावशीच्या हातातली किल्ल्यांची जुडी वाजायची थांबली. चिंगीनं पाकीट उघडलं, पहिला कागद वाचला, घडी घालून परत आत ठेवला. पाकीट पिशवीत टाकलं, सायकल बाहेर काढली आणि एकटीच निघून गेली.

दोघी बहिणी तिच्या मागे निघाल्या. रस्ता रिकामा होता, त्यामुळे आपोआपच शेजारी शेजारी आल्या. आता पुढे एकच पाठ होती आणि मागे दोघीजणी. मग धाकटी समोर बघतच म्हणाली, की ताई, काल रात्री ती उशीत तोंड खुपसून रडत होती. मी जवळ गेले तर गप्प झाली, झोप म्हणाली. मला ती सगळं सांगते, पण रडायला तिला तू लागतेस. तुला काय वाटतं, मला त्याचं काहीच वाटत नाही? टपालवालीनं चमकून बहिणीकडे बघितलं. या बाजूनं तिनं कधी विचारच केला नव्हता. तिला थोडं बरं वाटलं आणि लगेच बहिणीची दयाही आली, दोन्ही एकदम.

पुलाच्या माथ्यावर चिंगी थांबली होती. एक पाय फुटपाथच्या कडेवर टेकवलेला, टपालवाली दारोदार टेकवते तसा. धाकटी जरा अलीकडेच थांबली, साखळी बघायचं निमित्त करून. टपालवाली एकटी वर गेली.

"तू हे कधी देणार होतीस?" चिंगीनं विचारलं.

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. "देणारच नव्हते," टपालवाली म्हणाली.

चिंगीनं मान हलवली. तिनं पिशवीतून पाकीट काढलं आणि खोडलेल्या पत्त्यावर बोट ठेवलं. "घरचा पत्ता नीट खोडला नाहीस. वाचता येतोय."

"तसाच खोडायचा असतो, एका रेघेनं. उद्या परत पाठवायची वेळ आली, तर वाचता यायला हवा."

चिंगी त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली. नदीवरून वारा येत होता आणि पाकिटाचं टोक फडफडत होतं. मग तिनं ते जपून आत ठेवलं.

"मी अजून रागावलेली आहे," ती म्हणाली.

"असू दे."

चिंगीनं पाय उचलला आणि सायकल उताराला लावली. पण ब्रेक तिनं घट्ट धरून ठेवला होता, आणि टपालवाली तिच्या शेजारी येईपर्यंत तो सोडला नाही.